दोघांत एक औषध

जळगाव,
१४ नोव्हेंबर १९९२

प्रिय अक्का,

आजची औषधं घेतली नसशील, तर हे पत्र बाजूला ठेव, आधी ती घे आणि मग वाच. तुझ्या थुंकीच्या तपासणीचं उत्तर आलं आहे. क्षयाचे जंतू अजून आहेत. चार महिने औषध पोटात गेल्यावर ते दिसायला नको होते. म्हणून आजचं लिहिणं गोड होणार नाही.

डाळमिल कामगारांच्या आरोग्य निधीच्या दवाखान्यात मी औषधं देतो, हे साऱ्यांना ठाऊक आहे. औषध समजावून सांगणं हेही माझंच काम आहे, हे मात्र कोणाला पटत नाही. परवा सुंदरबाई आली. लाल कॅप्सूल घेतली की लघवी लालसर होते, तो औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे, हे मी तिला फळ्यावर मूत्रपिंडं काढून सांगितलं होतं. तिनं भक्तिभावानं मान डोलावली आणि घरी जाऊन कॅप्सूल बंद केली. वर मलाच म्हणते, “भाऊ, तुमनं बठ्ठं खरं शे, पन औसद गरम पडनं ना!” म्हणजे माझं सगळं खरं, तरी औषध गरमच! मी पुन्हा खडू उचलला. या वेळी तिच्या सुनेलाही समोर बसवलं.

रोग्यांचं एक वेळ समजू शकतो. आमचे नवे डॉक्टर चुडामण पाटील रोग्याला जरा बरं वाटू लागलं की औषध थांबवतात आणि टॉनिक लिहून देतात. मी त्यांना क्रमानं समजावलं, की कोवळे जंतू आधी मरतात म्हणून रोग्याला बरं वाटतं. चिवट मागे उरतात, आणि अर्धवट औषध मिळालं की ते त्याच औषधाला सरावतात. मग तेच औषध पुढे पाण्यासारखं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “रतिलालभाऊ, तुम्ही गोळ्या द्या, कीर्तन मंदिरात करा.” असा संताप आला! तरी दुसऱ्या दिवशी एका रोग्याचे आधीचे आणि नंतरचे एक्स-रे घेऊन पुन्हा त्यांच्यापुढे बसलो. त्यांनी टॉनिक खोडलं. अक्का, माणसं समजतात. फक्त आपण थकता कामा नये.

पण तुझ्यापुढे मी थकलो आहे. पारोळ्याच्या शाळेत तू पोरांना आरोग्यशास्त्र शिकवतेस. औषध वेळेवर घेतेस का, असं विचारलं की “घेते रे बाबा, माझा मास्तर होऊ नकोस” म्हणतेस. थुंकी द्यायला आलीस, तेव्हा मोठ्या आनंदानं सांगितलंस, की आता लघवी रोज लाल होत नाही, एक दिवसाआड होते, म्हणजे अंगातली उष्णता उतरली. अक्का, उष्णता उतरत नसते. ज्या दिवशी कॅप्सूल पोटात जाते, त्या दिवशी रंग येतो. मग मधल्या दिवसाची कॅप्सूल कोणाच्या पोटात जाते?

त्या दिवशी दाजी बाहेर पायरीवर बसून खोकत होते. विडीचा खोकला, असं तूच आधी म्हणालीस, मी विचारण्यापूर्वी. धुळ्याच्या पाहुण्यांनी मंदाला पसंत केलं आहे. आईचा आजार कसाबसा झाकला. बापाचंही नाव दवाखान्यात लागलं, तर ‘क्षयाचं घर’ म्हणून सोयरीक मोडेल, या भीतीनं तू त्यांना तपासणीला येऊ देत नाहीस आणि आपल्यातलं औषध त्यांना वाटून देतेस. भाकरी वाटावी तसं! भाकरी अर्धी खाल्ली तर माणूस अर्धपोटी राहतो. हे औषध अर्धं घेतलं तर दोघंही जाल, आणि मंदा पोरकी होऊन सासरी जाईल. बुधवारी पहिल्या एस.टी.नं येतो. दाजींना तपासणीला आणि तुला डॉक्टरांकडे घेऊनच परतेन. नंतर धुळ्याला जाऊन पाहुण्यांनाही मीच समजावीन. तोवर एवढं ऐक. तुझी प्रत्येक कॅप्सूल तूच गिळ. दाजी तुझ्यासमोर खोकतील, तुझा जीव तुटेल. खोकू दे त्यांना.

तुझ्यावर फार रागावलेला, तुझाच
रतिलाल