कूलर कोण भरणार

२९ एप्रिल

इतिहासाने नोंद घ्यावी — आज सकाळी वजनकाट्याने माझा विश्वासघात केला! परवा ७८.२. आज ७९.६. मधल्या काळात एका निरुपद्रवी बाईने काल आष्टीला भावाकडे जाऊन वांग्याची भाजी खाल्ली. भाकरीशिवाय. त्या वांग्यापोटी एक किलो चारशे ग्रॅम? बोटातली अंगठीसुद्धा फिरेना. रविवारच्या सदरात मी आमदार सोडत नाही, मग काट्याला कशाला सोडू?

प्रेमदासरावांनी आकडा कॅलेंडरवर लिहिला. नवरा असून सरकारी गांभीर्याने लिहिला. पोटातलं हसू मिशीत दिसत होतं.

भानगड अशी. आमची लेक जागृती पुण्यात नोकरी करते आणि तिथून आमची पोटं चालवते. तिने केटोचा तक्ता पाठवला. पोळी, भात, साखर, फळं बंद. अंडी, पनीर, तूप, पालेभाजी चालू. आम्ही पैज लावली. पंधरा मेला काट्यावर फैसला. जो हरेल त्याने पाऊस येईपर्यंत रोज कूलर भरायचा — नळी पोचत नाही, बादल्यांनी. आणि बंद पदार्थाला ज्याने तोंड लावलं तो जागच्या जागी हरला. तोवर कूलर भरायची पाळी दिवसाआड.

आज माझी पाळी. अकरा बादल्या. वर्ध्याच्या उन्हाला काही लाज नाही.

१ मे

७८.०. काटा शरमला असावा.

३ मे

७६.९! अंगठी गरगर फिरते. प्रेमदासराव कॅलेंडरसमोर बराच वेळ उभे. त्यांचं अजून किलोभरही हललेलं नाही. "तुह्यं बरं आहे बापा," म्हणाले आणि निघून गेले.

पण पोटरीत असे गोळे येतात की मी पलंगावरून उडी मारते. डोकं दुखतं ते वेगळंच. जागृतीला फोन केला. म्हणे, धान्य-साखर बंद केली की शरीर धरून ठेवलेलं पाणी सोडतं, पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी पिऊ नकोस, ताकात मीठ घाल, पालक खा, भोपळ्याच्या बिया खा. बाबांनी मात्र बीपीच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करायचं. हे तक्त्याच्या तळाशीही लिहिलंय, म्हणाली. तळापर्यंत इथे कोण वाचतं? मी निरोप दिला. "विचारतो," म्हणाले.

खारं ताक प्याले. तासाभरात माणसात आले.

४ मे

ताट वाढताना टोकाला चिमूटभर मीठ वाढायची माझ्या हाताला सवय आहे. आईची तशी शिस्त होती — आधी मीठ, मग बाकीचं. प्रेमदासराव ती चिमूट उचलतात आणि माझ्या ताटात टाकतात. "मले बीपी आहे. मीठ म्हंजे विष." डॉक्टरांना विचारलं का? "विचारतो म्हटलं ना."

त्याऐवजी पाणी पितात. दोन लिटरची बाटली ड्युटीवर सोबत. बसस्टँडवर चौकशी खिडकीत बसतात, त्यामुळे बाटली भरणं आणि रिकामं होणं एवढीच उठबस.

६ मे

ह्यांचे दोन दिवसांत अडीच किलो कमी! कॅलेंडरवर आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. चेहरा वाळवलेल्या बोरासारखा, पण मान ताठ. कसं काय, विचारलं. "मर्दाचं शरीर आहे."

मर्दाचं शरीर दर अर्ध्या तासाने बाथरूमला जातं. कूलरची टाकी त्यापेक्षा जास्त वेळ टिकते, असं मी म्हटलं. रविवारच्या सदरात चालेल.

७ मे

प्रेमदासरावांनी स्वतःच पंखा बंद केला आणि मला विचारलं, "पंखा काऊन बंद आहे?" मी हसले. तेही हसले, पण उशिरा.

८ मे

दुपारी नत्थूभाऊंचा फोन. ह्यांच्या शेजारच्या खिडकीत बसतात. "वहिनी, जरा येता का? साहेब एकाच पॅसेंजरले तीनदा सांगून राह्यले का आष्टीची गाडी काल गेली."

मला आधी हसू आलं. मग आलं नाही.

ऑटोने गेले. ऊन ४५. हे खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांडीवर, एखाद्या पाहुण्यासारखे. मला बघून म्हणाले, "जागृती शाळेतून आली का?"

जागृती सव्वीस वर्षांची आहे.

नत्थूभाऊंनी आणि मी धरून ऑटोत बसवलं. दवाखान्यात रक्त घेतलं. सोडियम ११६. डॉक्टर म्हणाले १३५ च्या वर हवं. आता ते हळूहळूच वाढवावं लागेल, घाई केली तर मेंदूला इजा होते. आणि आकडा अजून खाली गेला असता तर झटके आले असते. पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

९ मे

डॉक्टरांना गोळ्यांची पाकिटं दाखवायची होती. ह्यांच्या शर्टाच्या खिशात सापडलं — बीपीची, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी. रोज एक सकाळी. नवं पाकीट याच आठवड्यात फोडलेलं, जवळजवळ रिकामं.

डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट केलं. म्हणाले, आहार असा, मीठ बंद, वरून नुसतं पाणी, त्यात या गोळ्या जास्तीच्या. चारी बाजूंनी मीठ काढलंत. माझ्याकडे बघून म्हणाले. मी चुकूनसुद्धा टोमणा मारला नाही.

१० मे

सोडियम १२५. शब्द जागेवर आले. वार बरोबर सांगितला. जागृती सकाळच्या गाडीने आली, तिला ओळखलं, वर "तुले सुट्टी कोणं देल्ली?" असंही विचारलं. ती बाहेर जाऊन रडली.

ती बाहेर असताना मी विचारलं — दोन-दोन गोळ्या काऊन घेतल्या?

छताकडे बघत म्हणाले, "तुह्यं चार दिवसांत पावणेतीन किलो उतरलं. मी पाह्यलं ना कॅलेंडर. मले वाटलं, आपण आता हरून राह्यलो."

"कूलरसाठी?"

"कूलरसाठी नाई. तू पेपरात लिहिलं असतं."

मी त्यांच्या उशीचा अभ्रा नीट केला. तो नीटच होता.

११ मे

डॉक्टर राउंडला आले. जागृतीने विचारलं, आईचं इतकं भराभर कसं उतरलं? ते म्हणाले, सोपं आहे. एखाद दिवस भरपूर गोड, पीठ पोटात गेलं की शरीर पाणी धरतं, काट्यावर किलो-दीड किलो रातोरात चढतो. परत बंद केलं की तेच पाणी भरभर जातं. ती चरबी नव्हेच.

जागृती म्हणाली, पण आईने तर फक्त वांगं खाल्लं होतं.

मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं. सायकल स्टँड होता.

१३ मे

घरी आणलं. गोळी बदलून दिली. केटो कायमचं बंद, पाणी मोजून, मीठ डॉक्टर म्हणतील तेवढं. जागृतीने तक्ता फाडला. वरण-भात केला. ताटाच्या टोकाला चिमूट वाढली. ह्यांनी उचलून माझ्या ताटात टाकली नाही. वरणात कालवली.

संध्याकाळी काट्यावर उभे राहिले. पाणी परत आलं होतं, आकडा सुरुवातीच्याही वर. "हरलो," म्हणाले. "दम आला का भरतो तुह्या कूलर."

१५ मे

वांगं नव्हतं. आष्टीला त्या दिवशी वहिनीने शेवया आणि आंब्याचा रस केला होता. दोन वाट्या. तिसरी मागून घेतली.

हे उठायच्या आत मी कूलर भरला. काठोकाठ.