उघडू न दिलेलं घड्याळ

तात्या, तुमच्याइतका हेकट माणूस मी नंतर पाहिला नाही. अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवतेय, हट्टी पोरं आणि त्यांचे त्याहून हट्टी आईबाप रोज समोर येतात, पण एका घड्याळापायी दीड वर्ष सगळ्या घराला वेठीला धरणारे तुम्ही एकटेच. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली तरी ते आठवलं की माझं डोकं तापतं. आज सकाळीही तापलं, म्हणून लिहायला बसले.

आपल्या घरातली मेंढरं आजोबांबरोबर संपली. मेंढरं धुवायला डोहात उतरून उतरून तुमचा दम मात्र वाढला होता, आणि पुढं त्या दमावरच आपलं घर चाललं. विहिरीतल्या पाइपाच्या बुडाशी जी झडप असते, जिला सगळे फुटबॉल म्हणतात, ती गाळानं तुंबली की वरकुट्यापासून लासुर्ण्यापर्यंत कुणाचाही निरोप तुम्हालाच यायचा. तुम्ही कमरेला दोर बांधून पाण्यात, आणि वर दोर धरून काका मोठ्यानं आकडे मोजताहेत. शंभर झाले की काका दोराला हिसका द्यायचे आणि तुम्ही वर यायचा. माझ्या लहानपणापासून हे असंच चाललेलं. कुणाला घड्याळाची गरज पडली नव्हती.

मग वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमधले ते साहेब भेटले. त्यांनी हौसेनं थोडी जमीन घेतली होती, तिथल्या विहिरीत तुम्ही उतरलात, आणि वर आल्यावर साहेबांनी मनगट पुढं करून सांगितलं की तुम्ही इतकी मिनिटं आणि इतके सेकंद खाली होता. वर हेही सांगितलं की हे घड्याळ समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठीच बनवतात, दोनशे मीटर खोल नेलं तरी आत थेंब जात नाही. त्या दिवसापासून तुमच्या डोक्यात ते बसलं. वर्षाभरानं साहेब निवृत्त होऊन गाव सोडायला निघाले, सामान विकायला काढलं, आणि तुम्ही दुभती म्हैस विकून ते घड्याळ घरी आणलंत. कागद नाही, डबी नाही. साहेबांनीही ते मुंबईत जहाजावरच्या कुणाकडून जुनंच घेतलं होतं. आईनं चार दिवस तुम्हाला कोरा चहा दिला. दूध मागितलंत तर म्हणाली, "घड्याळाची धार काढा."

इथवरही मी समजून घेतलं असतं. त्या अख्ख्या तालुक्यात त्या घड्याळावर कुणाचा हक्क असेल तर तो तुमचाच होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण बारामतीच्या स्टँडवर कुणीतरी ते बघून म्हणालं की असली घड्याळं मुंबईच्या फुटपाथवर ढिगानं मिळतात, आणि तुमचं अन्न गोड लागेना. मी तेव्हा बारामतीत नुकतीच नोकरीला लागले होते. दर बाजारच्या दिवशी तुम्ही पहिल्या एस.टी.नं यायचा आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाशी उभे राहायचा, धोतर, पटका आणि मनगटावर ते भलंमोठं चकचकीत घड्याळ. मुख्याध्यापिका बाई शिपायाला पाठवून मला विचारायच्या, तुमचे वडील आत का येत नाहीत? तुम्हाला आत यायचंच नसायचं. तुम्हाला मला घेऊन घड्याळवाल्याकडं जायचं असायचं.

तो घड्याळवाला भला माणूस होता. पहिल्याच दिवशी त्यानं डोळ्याला भिंग लावून अर्धा तास पाहिलं. पट्टा काढून कडेला कोरलेला बारीक नंबर दाखवला, सेकंदाचा काटा कसा न अडखळता सरकतो ते दाखवलं. वरून तरी सगळं बरोबर दिसतंय, म्हणाला, पण पाठीमागचं झाकण काढून आतलं यंत्र पाहिल्याशिवाय मी शब्द देणार नाही. आणि झाकण काढलं तर आतली पाणी अडवणारी रबराची कडी बदलावी लागेल, ती इथं मिळत नाही, तेव्हा नंतर हे पाण्यात घालू नका. तुम्ही घड्याळ उचललंत आणि मनगटावर चढवलंत. म्हणजे उघडल्याशिवाय ते खरं की खोटं कळणार नाही, आणि उघडलं तर ज्यासाठी घेतलं त्याच्या कामाचं राहणार नाही. दुसरा कुणी असता तर यातलं एक काहीतरी निवडून मोकळा झाला असता. तुम्ही पुढच्या बाजारी परत आलात, त्याच दुकानात, तोच प्रश्न घेऊन. त्याच्या पुढच्या बाजारीही.

एकदा त्या बिचाऱ्यानं तुमचं समाधान करायला काचेभोवतीचं, बुडीचा वेळ मोजायचं कडं फिरवून दाखवलं. ते एकाच बाजूला फिरतं, उलटं फिरत नाही. तुम्ही घड्याळ हातात घेतलंत, कडं टिकटिक फिरवत राहिलात. मग माझ्याकडं वळून म्हणालात, "ह्येला पाण्यात धक्का लागला तर ह्ये उरल्याला टाइम कमीच दावंल, जास्त न्हाय दावायचा. ज्यानं ह्ये केलं त्यो सोता पाण्यात उतरल्याला माणूस हाय. खोटं करणारा एवढा इचार करंल व्हय?" मी म्हणाले, तात्या, खोटं करणाऱ्याला विचार करावाच लागत नाही, तो नुसती नक्कल करतो. घड्याळवाला हसला. तुम्ही मात्र घड्याळ मनगटावर चढवून तडक स्टँडची वाट धरलीत.

शेवटी मीच परदेशातल्या त्या कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं, नंबर कळवला. चार महिने तुम्ही दर बाजारी येऊन विचारत होता, "आलं का?" आलं तेव्हा दोनच ओळी होत्या. हा नंबर आमच्या नोंदीत आहे. मात्र नंबराची नक्कल होऊ शकते, त्यामुळे घड्याळ प्रत्यक्ष तपासल्याशिवाय ते आमचं आहे असं सांगता येणार नाही. तुम्ही माझ्या खोलीत कॉटवर बसला होता. मी पहिली ओळ वाचून दाखवली, आणि दुसरीच्या जागी म्हणाले, "घड्याळ त्यांचंच आहे असं लिहिलंय, तात्या."

तुम्ही ते पत्र लॅमिनेट करून घेतलंत. विहिरीच्या काठावर, लग्नात, ग्रामपंचायतीत, जिथं जाल तिथं खिशातून काढून दाखवायचा. इंग्रजी येणारा कुणी भेटेल या धास्तीनं मी तुमच्याबरोबर कुठं जायचंच बंद केलं.

पुढचं मला काकांनी सांगितलं. लासुर्ण्याची विहीर, उन्हाळा, तरीही तळाला चार परस पाणी, एकावर एक चार माणसं बुडतील एवढं. तुम्ही काकांना म्हणालात, "तू मोजू नगो, माझं घड्याळ हाय." खाली काळोख, नुसते काटे चमकताहेत. सेकंदकाटा दीड वेढा फिरला की वर यायचं असं तुम्ही ठरवलं होतं, आणि काटा पहिल्या वेढ्यातच थांबला. छाती फुटायला आली तरी तुम्ही झडपेशी झटत राहिलात. काका मात्र सवयीनं मनात मोजत होते. एकशेदहाला त्यांनी हिसका दिला, उत्तर आलं नाही, तेव्हा शेतमालकाला हाताशी घेऊन त्यांनी तुम्हाला ओढून काढलं. काठावर पालथं घातलं तेव्हा तोंडातून पाणी आलं, आणि ते कमी झाल्यावर तुमचं पहिलं वाक्य, "ऊर म्हणत हुता चल, पर घड्याळ म्हणत हुतं टाइम हाय." पन्नाशीच्या माणसानं, ज्याला जन्मभर स्वतःच्या उरानं कधी फसवलं नव्हतं, त्यानं एका काट्यावर विश्वास ठेवला, कारण त्याच्या लेकीनं पत्र वाचून दाखवलं होतं.

मी त्याच संध्याकाळी घरी आले. तुम्ही ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता, डोळे लालभडक. घड्याळ मनगटावर, आणि चालू! मी सुरुवात केली, तात्या, त्या पत्रात खरं तर... तुम्ही हात वर केलात. "पत्राचं काय काढती? घड्याळाची चूक न्हाय. आठ-आठ दिस पेटीत ठिवतो मी त्येला. हातात असलं, हात हालला तरच चावी बसती त्येला. चूक माझी हाय." घड्याळवाल्याला नंतर विचारलं तर तोही तेच म्हणाला. खरं असलं तरी थांबलं असतं, खोटं असलं तरी थांबलं असतं. म्हणजे तुम्ही मरता मरता वाचलात, त्यातूनही काही ठरलं नाही. तुम्ही त्यानंतर ते कधी उतरवलं नाहीत, जेवतानाही नाही, आणि मोजायचं काम पुन्हा काकांकडं दिलंत. मला जे बोलायचं होतं ते मी पुढची सात वर्षं, तुम्ही दवाखान्यात शेवटचे दिवस काढत असतानाही, बोलले नाही.

आणि आता आजची सकाळ. तुमचा नातू, माझा मुलगा, महिन्यापूर्वी ते घड्याळ पुण्याला एका जाणकाराकडं देऊन आला होता. आज त्यानं फोन केला. झाकण उघडलं तात्या, एकदाचं. यंत्र अस्सल आहे. तबकडी कुणीतरी पुन्हा रंगवलेली, काटे तिसऱ्याच घड्याळाचे. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला दोन निरनिराळ्या कारागिरांनी सुईनं केलेल्या खुणा आहेत, तुमच्या कितीतरी आधीच्या. दुरुस्ती केली की कारागीर अशी खूण करतो, म्हणजे दर वेळी ते उघडलं गेलं होतं. जी कडी मोडू नये म्हणून तुम्ही त्या माणसाला झाकणाला हात लावू दिला नाहीत, ती तुमच्या हातात येण्याआधीच दोनदा निघालेली होती. मी फोनवर विचारलं, मग खरं म्हणायचं की खोटं? नातू म्हणाला, आई, ते म्हणाले तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा. मी फोन ठेवून दिला.

त्याला पत्राची गोष्ट माहीत आहे. माझी आई आजोबांचं मन राखायला खोटं बोलली, असं तो बायकोला कौतुकानं सांगतो, आणि मी ते तसंच चालू दिलंय. तुमचं मन राखायचं माझ्या डोक्यातही नव्हतं, तात्या. दुसऱ्या दिवशी सहामाहीचे पेपर तपासून द्यायचे होते, आणि तुम्ही कॉटवरून उठत नव्हता.