खुलताबादचे रविवार

पिशोर, ता. कन्नड
५ जानेवारी २०२६

चि. सत्यम यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

नवं साल तुला आणि सूनबाई अपेक्षाला सुखाचं जावो. माझे कान आता पार गेले. डॉक्टरानं दिलेलं मशीन लावलं की कानात नुसता भुंगा फिरतो. फोनवर तू काय बोलतो ते कळत नाय. मी आपली व्हय व्हय करते आणि मागं तुझे मामा हसत बसतात. म्हणून म्हटलं, आता कागदच बरा.

इकडं तूर काढणी चालू आहे. थंडी लई. मी यंदा तीन वाकळा शिवल्या. तिसरीवर जुन्या हिरव्या लुगड्याचा मोर काढला. मला तर मोरच दिसतो, पण शेजारच्या कृष्णाची बायको त्याला कोंबडा म्हणते, आणि तुझे मामा तिचंच खरं धरतात. पांघरायला मात्र तीच घेतात.

तुझी आई गेली अन् तू माझ्याकडं आला तेव्हा सात वर्षांचा होता. संक्रांत जवळ आली की मी तुला पुढ्यात बसवून सरत्या सालातल्या चांगल्या गोष्टी बोटांवर मोजायला लावायची. एका साली तुला चारच सापडल्या म्हणून रडायला लागला, तर आजची भाकरी गरम होती ही पाचवी धर, असं मी म्हटलं होतं. आता तू कंपनीत सुपरवायझर झाला तरी मला तसंच लिहून पाठव. सालभरात काय गोड झालं, काय नवं शिकला. दिवाळीला आला तेव्हा लई गप्प होता. अपेक्षाला विचारलं तर तीही काय सांगंना.

कागद मोठा घे. माझी माया तिकडं रोज येतेच, तू तिला उत्तर देत जा.

तुझी आत्या
वच्छला


छत्रपती संभाजीनगर
१६ जानेवारी २०२६

ती. आत्यास सत्यमचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मोर की कोंबडा या भांडणात मी तुझ्या बाजूचा, पण वाकळ बघितल्याशिवाय शपथ घेणार नाही.

सालातली सगळ्यात मोठी गोष्ट ही, की मी ब्रशनं पाट्या लिहायला शिकलो. तुझ्या गोठ्याच्या भिंतीवर गेरूनं बैल काढायचो, तेव्हा सुटलेलं काहीतरी परत हाताला लागलं. शिकवणारे मुनीबभाई, खुलताबादचे. आमच्या कंपनीत पॉवर प्रेसवर होते. नोकरी सांभाळून दुकानांच्या पाट्या करायचे, मराठी आणि उर्दू दोन्ही. आता जिकडंतिकडं छापील फ्लेक्स, तरी तिथल्या वीसेक दुकानांवर अजून त्यांच्या हातची अक्षरं आहेत. गेल्या फेब्रुवारीत कंपनीत अपघात झाला आणि त्यांची उजव्या हाताची चार बोटं गेली. आता ते खुर्चीवर बसून सांगतात आणि त्यांची मुलगी तहरीम आणि मी लिहितो. ती नववीत आहे, पण हात माझ्यापेक्षा पक्का.

दर रविवारी सकाळी मोटारसायकल काढतो आणि घाट चढून जातो. ब्रश गुलमंडीतून घेतले. पहिले चुकीचे आणले म्हणून तहरीम आठवडाभर हसली. मला ‘ळ’ यायला तीन रविवार लागले. मुनीबभाई म्हणाले, दोन्ही पोटं सारखी झाली पाहिजेत, एक उपाशी आणि एक जेवलेलं चालत नाही. जूनमध्ये एका शिंप्याची पाटी केली. मराठी मी, उर्दू तहरीमनं. ऑगस्टात शाळेच्या भिंतीवर मुळाक्षरं आणि पाखरं काढली. तिथून परत येताना राहतभाभी, म्हणजे मुनीबभाईंची बायको, डब्यात काहीतरी भरून देतातच.

एवढं सुख पुरे ना तुला? अपेक्षा बरी आहे. काकासाहेब मामांना नमस्कार सांग. तब्येत जप, आणि माझ्यावरचा तुझा जीव आहे तिथंच राहू दे.

तुझा
सत्यम


पिशोर
२५ जानेवारी २०२६

चि. सत्यम यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा लई आनंद झाला. कृष्णाच्या बायकोलाही वाचून दाखवलं. शाळेच्या भिंतीवर माझ्या पोरानं पाखरं काढली, हे सगळ्या गल्लीला कळलं.

दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, एवढ्या गोड बातम्या अन् अक्षर असं कापरं का? जिथं त्या भल्या माणसाची बोटं गेल्याचं लिहिलंय, त्याच्या पुढं तू दोन ओळी लिहून खोडल्या. नुसत्या खोडल्या नाय, कागद फाटेस्तोवर घोटल्या. मी कागद उन्हात धरून बघितला. ‘मी’ एवढंच वाचता आलं.

संक्रांतीला अपेक्षा एकटीच आली होती, तेव्हा तिनं एक सांगितलं होतं. सत्यम शनिवारी जेवत नाही अन् रविवारी परत आला की तासभर जिन्यातच बसून राहतो, म्हणाली. सुखाच्या जागेवरून आलेला माणूस जिन्यात बसतो का रे? मला तिथल्या खाण्याचं कौतुक नको सांगू. खोडलेलं काय होतं ते सांग.

माझ्यापासून लपवायचं तुझं वय राहिलं नाय, अन् तुझ्यावर रागवायचं माझं.

तुझी आत्या


छत्रपती संभाजीनगर
३ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून सांगतो. नसतं विचारलंस तर आणखी एक साल गेलं असतं.

प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं मशीन. कामगार हातानं पत्रा आत ठेवतो, हात काढतो, पायानं पेडल दाबतो, आणि वरून ठोका पडतो. हात आत असला तर मशीन थांबवायला सेन्सर असतो. मुनीबभाईंच्या मशीनचा सेन्सर त्या आठवड्यात सारखा मध्येच मशीन बंद पाडत होता. वरून टारगेटची ओरड. सात फेब्रुवारीला सकाळी मी एक तार जोडून तो सेन्सर बाजूला केला. उद्या इलेक्ट्रिशियन बघील, आजची शिफ्ट निघू दे, एवढाच विचार. त्या मशीननं आदल्या दिवशी पेडल न दाबता एकदा ठोका दिला होता, तेही मला माहीत होतं. मुनीबभाईंना यातलं काहीच सांगितलं नाही. पावणेबारा वाजता मशीननं तसाच आपोआप ठोका दिला.

त्यांना दवाखान्यात नेलं तेवढ्यात तार निघाली. कोणी काढली ते विचारू नकोस, मी बघत उभा होतो. मग एक कागद आला. कामगाराच्या दुर्लक्षामुळं अपघात, असं त्यावर होतं. खाली मी सही केली.

आत्या, मुनीबभाईंनाही तसंच वाटतं. ते म्हणतात, माझाच पाय चुकून पेडलवर पडला असंल. महिन्याभरानं मी खरं सांगायला म्हणूनच खुलताबादला गेलो होतो. त्यांनी चहा दिला. एका दुकानाची पाटी अर्धी राहिली होती, ती दाखवली आणि ब्रश माझ्या हातात देऊन म्हणाले, साहेब, एवढी रेघ ओढता का? मी ओढली. मग दर रविवारी सांगायला म्हणून गेलो आणि दर रविवारी एखादं अक्षर शिकून परत आलो. तुला लिहिलेलं सगळं खरं आहे. पाखरं काढताना मी खरंच सगळं विसरलो होतो, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तू बोटांवर मोजायला सांगितलंस, तेव्हा पत्र हातातून खाली ठेवावं लागलं.

आता गोष्ट गळ्याशी आली आहे. चार मार्चला कंपनीत सुरक्षा दिन. साहेबांनी मुनीबभाईंना भाषणाला बोलावलंय. आपल्या एका क्षणाच्या चुकीनं काय झालं, ते त्यांनी नव्या पोरांना सांगायचं. ते तयार झालेत. म्हणाले, दुसऱ्या कुणाची बोटं वाचली तर बरंच. त्यांच्या मागं लावायची पाटी मी लिहायची आहे.

अपेक्षालाही यातलं काही माहीत नाही. हे पत्र आधी तिला वाचायला देतो, मगच पेटीत टाकतो. यानंतरही तुझा म्हणवून घ्यायची मुभा असली तर,

तुझा
सत्यम


पिशोर
१३ फेब्रुवारी २०२६

चि. सत्यम यास,

आशीर्वाद आहे. तो काय पुसला जात नाय.

तुला खोटं कशाला सांगू, पत्र वाचून मी आधी तुझाच विचार केला. तुझ्या मामांनी वाचलं अन् म्हणाले, गेलेली बोटं काय परत येणार नाहीत, पोराची नोकरी मात्र जाईल, गप बसायला लिही. मीही तसंच लिहिलं. दोन दिवस ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी गिरणीत गेले, तिथं गिरणीवाला कडूबा पोत्याखाली हात घालून दळण उचलत होता. दोन्ही हातांनी. मी घरी येऊन ते पत्र चुलीत घातलं.

त्या माणसाची बोटं तर तू घेतलीच, वर त्याची चूक नसताना ती त्याच्या गळ्यात बांधली. सालभर तो स्वतःला बोल लावतोय, अन् तू समोर बसून त्याच्याच हातची विद्या घेतोय. सत्यम, मी तुला असं वाढवलं नव्हतं. की असंच वाढवलं होतं, कुणास ठाऊक. तू लहानपणी दुसऱ्यावर ढकललं की मी हसायची.

आता ऐक. चार मार्चच्या आत जा. आधी त्याला सांग, मग सरकारात, मग कंपनीत. माफी मागायला जाऊ नको, सांगायला जा. माफी मागितली की ती द्यायची का नाय, हे वर त्यालाच ठरवत बसावं लागतं. अन् सांगायच्या आधी त्या घरातलं पाणीसुद्धा पिऊ नको.

नोकरी गेली तर इथं दोन भाकरी आहेत. तुझे मामा कुरकुर करतील, पण वाढतील.

तुझीच आत्या


छत्रपती संभाजीनगर
२४ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

परवा रविवारी सांगून आलो. अपेक्षा माझं पत्र वाचून दोन दिवस बोलली नव्हती. रविवारी मात्र हेल्मेट घालून खाली उभी राहिली.

रमजान चालू आहे, चौथा रोजा होता. त्यामुळं पाण्याचा प्रश्न आलाच नाही. तहरीम अंगणात सुरक्षा दिनाच्या पाटीला पांढरा रंग देत होती. मी मुनीबभाईंना आत यायला सांगितलं आणि उभ्या उभ्याच बोललो. तार, आदल्या दिवशीचा ठोका, कागद, सही. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं आलं नसतं.

ते बराच वेळ माझ्याकडं बघतच नव्हते. खाली, आपल्या उजव्या पायाकडं बघत होते. मग म्हणाले, “म्हंजे माझा पाय पेडलवर नव्हताच.” मी नाही म्हणालो. ते म्हणाले, “एक साल झालं, मी या पायाला शिव्या देतोय.”

मग त्यांनी तहरीमला हाक मारली. ती रंगाचे हात घेऊन दारात आली. तिला म्हणाले, “बेटा, अब्बा की गलती नहीं थी.” एवढंच. कुणाची होती ते सांगितलं नाही. पण पोरगी हुशार आहे. तिनं माझ्याकडं बघितलं, आत्या, आणि बाहेर जाऊन पाटीवरचा ओला रंग फडक्यानं पुसून काढला.

राहतभाभी भिंतीला टेकून रडत होत्या. अपेक्षा त्यांच्याजवळ गेली, तर त्यांनी तिला बसायला पाट दिला. निघताना मुनीबभाई म्हणाले, आता येऊ नका. मी बरं म्हटलं.

सोमवारी कारखान्यांच्या सरकारी कचेरीत सगळं लिहून दिलं. त्याची प्रत कंपनीत दिली, तर दुपारी मला घरी पाठवलं. परत कधी बोलावतील, बोलावतील का, माहीत नाही. मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. पण काल संध्याकाळी जेवलो, आणि जिन्यात बसलो नाही.

मामांना सांग, राग धरू नका. तुझी नजर कडक आहे, ती माझ्यावरून काढून घेऊ नकोस.

तुझा
सत्यम


खुलताबाद
११ मार्च २०२६

सत्यमसाहेब यांना मुनीबचा सलाम.

डाव्या हातानं लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. फोन केला नाही. तुमचा आवाज ऐकला तर एक तर मला राग येईल, नाही तर मी नरम पडेन. सध्या दोन्ही नकोत.

सुरक्षा दिनाला कंपनीनं मला बोलावलं नाही. त्याऐवजी परवा दोन साहेब घरी आले. म्हणाले, सत्यमचं डोकं ठिकाणावर नाही, त्यानं जुन्या भांडणातून काहीबाही लिहून दिलंय. चूक माझीच होती असा कागद टाइप करून आणला होता. सही मागितली. मी उजवा हात पुढं केला. ते कागद घेऊन उठून गेले.

सरकारी कचेरीनं मला २५ तारखेला बोलावलंय. तुम्हालाही बोलावलं असेल. या. मी तुमच्या शेजारी बसणार नाही. पण तुम्ही बोलाल ते सगळं ऐकेन, आणि जे लिहून दिलंय त्यात एक शब्द कमी केलात तर तिथंच उभा राहून सांगेन.

घरी एकाच गोष्टीवरून बोलणं चालतं. वर्षभर तुम्ही आलात, रंगात हात घातलेत, आमच्या ताटात जेवलात, माझ्या पोरीबरोबर शाळेची भिंत रंगवलीत. ते रविवार खरे होते की खोटे? राहत म्हणते, खरे होते. तहरीम म्हणते, खोटे. शाळेवरून जाताना ती त्या भिंतीकडं बघत नाही. माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. ठरलं की कळवीन.

तुमच्या आत्यांना माझा सलाम सांगा. त्यांनीच तुम्हाला पाठवलं, असं अपेक्षाबहेन राहतला म्हणाल्या. त्यांचे कान गेले असं ऐकलं. अल्लाह त्यांना सलामत ठेवो.

मुनीब