त्यांच्या वाटणीचं पाणी

२ जुलै

...त्या दिवशी अंगण झाडून झालं होतं. भांडी घासून पालथी घातली होती. मी दारात तांदूळ निवडत बसले होते, तेवढ्यात हे स्टेशनाकडून आले. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात झाड. एवढंसं! पानांना पांढऱ्या शिरा. मी म्हटलं, "फूल नाही, फळ नाही. कायले आणलं?"

"पाह्याले आणलं."

खाटेजवळच्या खिडकीत ठेवलं. किडनीच्या दुखण्यानं डॉक्टरांनी त्यांचं पाणी तोडलं होतं. नुसता घोट-घोट. मी झाडाला पाणी घालायची, तेव्हा माझ्या हाताकडे बघत राहायचे. एकदा म्हणाले, "माह्या वाटणीचं याले पाज." आणि हसले.

माघात गेले. झाड आहे.

आज हे सगळं आठवलं, कारण कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर आलीत. मोठी कुंडी पाहिजे.

४ जुलै

बाजारातून मातीची कुंडी आणली. पेपरात झाडांवर एक लेख आला होता, तो काढून दोनदा वाचला. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण छापलेला कागद हाती आला की मी वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही.

लेखात लिहिलंय — कुंडीला भोक हवं, पाणी वाहून गेलं पाहिजे. वाहून? धानाच्या बांधीत पाणी उभं ठेवावं लागतं, कडेच्या धुऱ्याला भोक पडलं तर आम्ही धावत जाऊन बुजवतो! लिहिणाऱ्यानं धानाचं शेत कधी पाहिलं नसेल.

चिकणमातीचा गोळा करून भोक गच्च बुजवलं. बांधीतली माती भरली. धानाच्या रोपांची, पऱ्ह्यांची मुळं धुतो तशी मुळं धुतली आणि रोवलं. वर पाणी उभं राहिलं. बरं वाटलं.

६ जुलै

पाणी घातलं.

१० जुलै

दोन पानं पिवळी पडली. घाबरले नाही. रोवल्यावर पऱ्हे पिवळे पडतातच, मग धरतात. पाणी वाढवलं.

१४ जुलै

देठ मऊ लागला. सकाळी पाणी घातलं, दुपारी पुन्हा. मन रमवायला एक पुस्तक उघडलं, एकच पान परत परत वाचत होते. हे झाड मेलं तर? त्यांनी सांगितलेलं एवढं एकच काम माझ्याकडे उरलंय.

१६ जुलै

मंदाबाई आली — माझी धाकटी जाऊ, हे तिचे भासरे. आमची बांधी आता तिचा मुलगा दुधरामच करतो. रोवणीला बाया कमी पडून राहिल्या म्हणून बोलवायला आली होती. चिखलाच्या पायांनी उंबऱ्यातच उभी राहिली. "बाई, एक दिस त या! आपल्याच बांधीत बाहेरच्या बाया राबून राहिल्या."

मी म्हटलं, झाडाची तब्येत बरी नाही.

"झाडाची? ताप गिप हाय का?"

पाय धुऊन, हसत हसत आत आली. कुंडीवर वाकून वास घेतला. हसू गेलं.

"सडून राहिलं व बाई हे! धान समजल्या का तुम्ही याले?"

मग मी तिला त्यांचं बोलणं सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तिनं कुंडीतल्या पाण्यात बोट बुडवलं. म्हणाली, "भासऱ्यांनी पाज म्हटलं. बुडव कुठी म्हटलं?"

मला हसू आलं. मग रडू आलं.

दोघींनी कुंडी उलटी केली. घाण वास! मुळं काळी, हात लावला की गळून पडत होती. एका फांदीला तेवढं पांढरं मूळ सापडलं. बाकी कापून टाकलं. रेती घालून जुन्या लहान कुंडीत लावलं — भोक उघडं ठेवून.

जाताना म्हणाली, "आता माती ओली हाय तोपर्यंत एक थेंब नाही. मान टाकन, पाणी मागन, तरी नाही."

डॉक्टर असंच म्हणाले होते.

१७ जुलै

पानानं मान टाकली आहे. माती आत अजून ओली.

तांब्या भरला. खिडकीपर्यंत गेले. परत आले आणि अंगणात ओतून दिला.

तेव्हा त्यांनाही नाही म्हणणं म्हणजे जगवणंच होतं. ठाऊक होतं मला. तरी हात ऐकत नव्हता, आजही ऐकत नाही. दिवसभर खोलीत ये-जा करून राहिले आहे. घरात बसले तर उद्या पाणी घालीनच — मला माझी खात्री नाही!

१८ जुलै

झाडाला पाणी घातलं नाही. सकाळीच पातळ खोचलं, मंदाबाईला हाक मारली आणि दिवस मावळेपर्यंत आमच्या बांधीत रोवणी केली.