काटे काढलेलं झाड

बारामती, ५ ऑक्टोबर १९९६

चि. संघपाल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आणणाऱ्याच्या हातात खोकं आहे, ते आधी नीट उतरवून घे आणि मग वाच. घरावर वरचा स्लॅब टाकतोय, गच्ची दोन महिने बंद, खाली ऊन येत नाही. म्हणून माझं फायरथॉर्नचं, त्या काटेरी झुडपाचं बोन्साय तुझ्याकडे पाठवते आहे. नऊ वर्षांत झाड वीतभर, त्यापेक्षा बांधावरची बोर बरी, हा तुझा विनोद पुष्कळदा ऐकला आहे. पुन्हा नको.

सकाळचं ऊन आणि रोज पाणी. माती वाळू द्यायची नाही, चिखलही करायचा नाही. युरियाची चिमूट टाकशील तर नुसता पाला माजेल. कात्री अजिबात लावायची नाही. यंदा पहिल्यांदा फळांचे तीन घोस धरलेत. अजून हिरवे आहेत, महिन्याभरात तांबडे होतील. बुलबुल टपलेले असतात, वर जाळी टाक.

एवढं कौतुक कशाचं, असं माझी भावजय बानू विचारेल. तिनंच गेल्या वर्षी भर पंगतीत म्हटलं होतं की मालकिणीसारखं झाडबी वांझ हाय. मी तेव्हा हसले. घरी येऊन रडले, तेही आता सांगून टाकते. ते तांबडं फळ मला बघायचं आहे.

भाची मोनालीला आशीर्वाद. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
जयवंताक्का

इंदापूर, २ नोव्हेंबर १९९६

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं झाड खुशाल आहे. आमच्या तहसील कचेरीत मंत्र्याची एवढी बडदास्त ठेवत नाहीत. रोज सकाळी ऊन, संध्याकाळी सावली. मला तर ऑफिसातून आल्यावर चहासुद्धा मागून घ्यावा लागतो.

आनंदाची बातमी म्हणजे गेल्या रविवारी सुप्याची मंडळी मोनालीला बघून गेली. मुलगा वीज मंडळात आहे, पसंती कळली. सगळं घाईत ठरलं, म्हणून तुला आधी कळवता आलं नाही.

पाहुणे येण्याआधी बानूनं हट्ट धरला की काट्याचं झाड घरात आसलं की भांडणं हुत्यात, पावनं काय म्हनतील. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तू जाणतेस. पण वाद कुणी घालायचा? बाहेर ठेवावं तर शेजारच्या शेळ्या. शेवटी मी मधला मार्ग काढला. मोनालीला बसवून एकेक काटा काढून घेतला. तू बजावलं होतंस म्हणून कात्रीला हात लावू दिला नाही, नेलकटर वापरला. आता झाडावरून खुशाल हात फिरवावा. फळं तेवढी काट्यांबरोबर गेली. असो, एवढ्याशा फळाचं लोणचंही झालं नसतं.

कृपा आहेच, ती वाढवावी.

तुझा,
संघपाल

बारामती, ७ नोव्हेंबर १९९६

चि. संघपाल यास,
आशीर्वाद.

तुझ्या नेलकटरचं कौतुक वाटलं. सरकारी नोकरीत बढती अशानंच मिळत असावी. अरे, या झाडाचा काटा म्हणजे त्याची आखूड फांदीच असते. पान तिथं, फूल तिथं, फळही तिथंच. तू यंदाचं फळ घालवलंस आणि पुढच्या सालचंही.

चौदा एप्रिलला स्टेजवरून अंधश्रद्धेवर पाऊण तास बोलतोस. आजोबांनी छप्पन साली देव्हारा उचलून भीमेत सोडला, आणि नातू काट्याला भ्यायला. बानूला काय बोलू? ती निदान स्टेजवर चढत नाही.

आता दुसरं. सुप्याहून इंदापूरला जायला रस्ता बारामतीवरून आहे. म्हणजे ती मंडळी माझ्या दारावरून आली आणि दारावरून गेली. मला का बोलावलं नाहीस, एवढंच लिही. घाई झाली असं पुन्हा लिहू नकोस.

उत्तराची वाट बघते.

जयवंताक्का

बारामती, १८ नोव्हेंबर १९९६

चि. संघपाल यास,
आशीर्वाद द्यायची रीत आहे, म्हणून देते.

तुझं उत्तर आलं नाही. उत्तर म्हणून मोनालीच आली, एसटीत झाड मांडीवर घेऊन. आल्या आल्या रडायला लागली. काटे काढताना तिची बोटं सोलली आहेत, आणि तू मला लोणच्याचं लिहितोस.

तिनं सगळं सांगितलं. शुभकार्यात लेकरू नसलेली बाई म्होरं नगं, असं बानू म्हणाली, आणि तू वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालास की ऱ्हाऊ दे, अक्काला मागनं कळवू. बानूचं बोलणं मी पंगतीतच गिळलं होतं. तुझं गिळता येत नाही. आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास, संघपाल. तुला न्हाऊ घातलं, दहावीपर्यंत शिकवलं, ताप आला की रात्रभर मांडीवर घेतलं. तेव्हा मला मूल नाही हे तुला ठाऊक नव्हतं का?

झाड जगेल. दोन वर्षं तरी फळ देणार नाही. मोनालीला त्याचं फार वाईट वाटतं आहे. मी तिला म्हटलं, चूक तुझी नाही, तू सांगितलेलं केलंस.

साखरपुडा एक डिसेंबरला आहे असं तिच्याकडून कळलं. आत्या पुढे बसली नाही तर मीही बसणार नाही, असं ती म्हणते. तुला तोंडावर सांगायला ती भिते, म्हणून मी लिहिते. मी पहिल्या रांगेत, तुझ्या शेजारी बसणार आहे. चालणार नसेल तर तसं कळव. तरीही मी येणारच आहे.

लोभ कमी करून बघितला, जमलं नाही.

जयवंता