हीटरच्या नटाखालचा काळा रंग

१२ डिसें. ६२, बुध.
फिरत्या दवाखान्याची मोटार पुन्हा आमच्या धाड गावात, शाळेपाशी. डॉक्टरीणबाई आतच राहतात, आतच बाळंतिणी तपासतात. थंडी पडली म्हणून काल यंदा पहिल्यांदा हीटर लावला, तर पंखा दोन गरके घेऊन गप्प. मला निरोप. फ्यूज बदलला, चालू झाला. "मिस्त्री, तुम्ही आहात म्हणून बरं," बाई म्हणाल्या. छाती फुगली, खोटं कशाला.

१४, शुक्र.
पुन्हा बंद, तोही आत सातव्या महिन्यातलं पोर जन्मलेलं असताना. बाईंनी रात्रभर त्याला छातीशी धरलं. वाचलं.
बॅटरी भरलेली, फ्यूज शाबूत. दिवसभर गाडीखाली उताणा. सापडेना, वर बघ्यांची गर्दी. बाईंनी विचारलं तेव्हा तोंडून निघून गेलं, "कुणीतरी वायरिंगला हात घातलाय." गाडीला हात लावणारा दुसरा कोण? ड्रायव्हर गणपत.
"मी काऊन हात लावू, मिस्त्री? मले त्यातलं काय समजते?"
मी पाना उचलून पुन्हा गाडीखाली सरकलो.

१५, शनि.
बाईंनी गणपतला घरी पाठवलं, दुसरबीडला. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन एस.टी.कडे गेला. जाताना मला रामराम केला.

१७, सोम.
सापडलं. पंख्याची अर्थिंगची वायर सांगाड्याला नटाने आवळलेली. नट काढला, तर खाली काळा ऑइलपेंट, चकचकीत. रंगातून करंट कसा जाणार? गाडी हादरली की लागायचा, नाहीतर बंद.
रंग माझाच. दसऱ्याला बाईंनी गाडी पूजेसाठी माझ्याकडे सोडली होती. मी हौसेनं वायरी सोडून सगळा सांगाडा रंगवला, झेंडूचा हार घातला, नटानटाला हळदकुंकू वाहिलं. वायर परत लावताना तेवढी जागा खरवडायची राहिली. मिस्त्री म्हणे!
कानशीने घासून आवळलं. पंखा झकास. "काय होतं हो?" बाईंनी विचारलं. सैल होतं, म्हणालो. रंगाचं नाव काढलं नाही.

१९, बुध.
जेवण जात नाही. बायकोला, सुमनला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग जा ना, सांगा बाईले."
"गाव हसंल."
"हसू द्या. चोर सोडून संन्याशाले सुळी दिली तुम्ही."
खरं आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तरी गेलो नाही.

२१, शुक्र.
सकाळी गणपत दारात. धोतराच्या सोग्यात बोरं, शेतातली. माझ्यासाठी.
"मिस्त्री, माह्याच हातून झालं असंन. गाडी धुतांना पानी गेलं असंन आत. बाई तुमचं आयकतात. माह्यासाठी एक शब्द टाकसान का?"
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.
बाईंची मोटार दुपारी धाड सोडते, नवा ड्रायव्हर घेऊन. बोरं सुमनने सुपात काढली, मी एकही तोंडात टाकलं नाही. चपला घातल्यात आणि हे लिहीत बसलोय. ओट्यावरून गणपत विचारतोय, "मी येऊ का संगं?"