मॅन्युअलसकट

४ फेब्रुवारी
संकल्प. या वर्षी घरात एकही जुना कॉम्प्युटर आणणार नाही. महिनाअखेर मागची खोली रिकामी करणार. जावई जहाजावर, लेकीला डॉक्टरांनी आराम सांगितलाय, एक तारखेला ती इकडे येतेय. बाळंतपण होईपर्यंत आणि पुढेही काही महिने इथेच. खोलीत पलंग आहे. तो दिसत नाही एवढंच.
आधी मॅन्युअल्स वेगळी काढणार. मशीन कोणीही जमवतं. कंपनीचं मूळ पुस्तक जपणारा विरळा. पुस्तकाशिवाय मशीन म्हणजे भंगार, हे मी संग्राहकांच्या पत्रिकेत लिहून चुकलोय. त्यावर अद्याप कोणी आक्षेप घेतलेला नाही. कोणी काहीच घेतलेलं नाही.

८ फेब्रुवारी
मॅन्युअल्स काढायला बसलो. एका प्रिंटरच्या पुस्तकात कागद अडकण्यावर फार सुंदर प्रकरण आहे. आजकाल असं कोण लिहितं? संध्याकाळपर्यंत वाचलं. एक खोका पलंगावरून पलंगाखाली गेला. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

१३ फेब्रुवारी
एका अकाउंटंटचं ऑफिस बंद होत होतं. एक मशीन आणलं. संकल्प मोडला असं नाही, कारण याचा मॉनिटर माझ्याकडे आधीपासूनच होता. म्हणजे हे नवीन नाही, उरलेलं अर्धं आहे. शिवाय मूळ मॅन्युअल, प्लास्टिकच्या कव्हरसकट. सोडून आलो असतो तर स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं.
हिला दाखवलं. ही म्हणाली, पाळणा कुठे ठेवायचा? मी सुचवलं की मॉनिटर समान उंचीचे आहेत, वर फळी टाकली तर उत्तम व्यवस्था होईल. ही स्वयंपाकघरात निघून गेली. विचार करत असावी.

१७ फेब्रुवारी
आनंदाची बातमी. एका संग्रहालयाचे व्यवस्थापक बघायला येणार. पत्रात पहिलाच प्रश्न: मूळ मॅन्युअल्स आहेत का? माणूस जाणकार. सगळं एकदम जाईल. खोली आपोआप रिकामी. मग आत्ता खोके हलवणं म्हणजे दुप्पट मेहनत. थांबलो.

२० फेब्रुवारी
हिच्या समाधानासाठी एक मॉनिटर उचलला. कंबर गेली. डॉक्टरांनी विचारलं, काय उचललंत? सांगितलं. म्हणाले, लॅपटॉप का घेत नाही? डॉक्टर बदलायला हवा.

२२ फेब्रुवारी
लेक आठ दिवस आधीच आली. पाय सुजलेले. दारातून तिने खोली पाहिली आणि दमून जवळच्या खोक्यावर बसली. मी म्हटलं, बाळा, जरा उठतेस का, तो खोका ओरिजिनल आहे.
उठली.
"बाबा, मी झोपू कुठे?" तिने विचारलं. रागाने नाही. अनोळखी गावात रस्ता विचारतात तसं.
हॉलमधला सोफा सुचवला. सोफ्यावर कीबोर्ड होते. ते मी लगेच, कंबर धरून, स्वतः हलवले. याची कोणी दखल घेतली नाही.

२३ फेब्रुवारी
मेहुणा गाडी घेऊन आला. त्याच्याकडे जागा मोठी, लिफ्ट आहे. लेक आणि ही दोघी तिकडे गेल्या. जाताना हिने फ्रीजमध्ये काय आहे ते सांगितलं. बाकी काही नाही. एका दृष्टीने बरं झालं. काम करायला मोकळीक.

३ मार्च
मोकळीक फार आहे. जेवण जात नाही. हिला फोन केला. म्हटलं, आठवडाभरात खोली लख्ख करतो. ही म्हणाली, बरं. हिचं 'बरं' मी इतकी वर्षं ऐकतोय, पण असं कधी ऐकलं नव्हतं.

१० मार्च
संग्रहालयवाले आले. मॅन्युअलला हात लावण्याआधी त्यांनी हात पुसले! मला भरून आलं. एकेक पुस्तक पातळ कागदात गुंडाळलं, सगळी नेली. म्हणाले, लोक मशीन ठेवतात आणि पुस्तकं रद्दीत घालतात, तुमच्यासारखा माणूस दुर्मिळ.
जिन्यात गाठून विचारलं, मशीन कधी नेणार?
"मशीनं आमच्याकडे गोदामभर आहेत हो," ते म्हणाले. "ती ठेवा तुम्ही."

११ मार्च
माझ्याच लेखाप्रमाणे माझ्याकडे आता खोलीभर भंगार आहे.
अकाउंटंटचं मशीन सुरू करून पाहिलं. हिरवी अक्षरं आली: मॅन्युअल पाहा.

१२ मार्च
भंगारवाल्याला बोलावलं. पत्रा नेतो म्हणाला, काचेचे मॉनिटर नको. विनवण्या केल्या. भंगारवाल्याला, मी! तो म्हणाला, काका, पाणी प्या.

२७ मार्च
इलेक्ट्रॉनिक कचऱ्याची गाडी येते तिथपर्यंत रोज एक मॉनिटर नेतोय. कमरेला पट्टा. शेजारी विचारतात, घर बदलताय? हो म्हणतो. ऑफिसात रजा टाकली. हिला कळवलं नाही. एकदम दाखवायचं.

६ एप्रिल
खोली रिकामी. फरशी दोनदा पुसली. पलंगावर नवी चादर. पाळणा खिडकीपासून लांब ठेवला, वारा लागू नये म्हणून. पुन्हा जवळ ठेवला, उजेड हवा म्हणून. फोन लावला.
मेहुण्याने उचलला. मुलगी झाली, काल दुपारी. दोघी सुखरूप. गडबडीत तुम्हाला कळवायचं राहिलं म्हणाला.
मग ही फोनवर आली. मी सांगितलं, खोली तयार आहे. खरंच तयार आहे. येऊन बघ. ही म्हणाली, लेक इथे रुळलीय, तिला आता हलवायला नको. तुम्ही उद्या भेटायला या. येताना फोन करून या.
मी म्हटलं, मीही तेच सुचवणार होतो.
फोन ठेवला. खोलीत जाऊन दिवा लावला. बंद केला. पुन्हा लावला. बटण नीट चालतंय.